वळणानंतरची रेघ

सकाळी पावणेसातला, घंटाघराच्या चौकात, छापखान्याच्या भिंतीसमोर उभ्या राहून पेंटरीणबाई बोटं मोडत होत्या.

"मेल्यांनो! हात कसे धजावले रे तुमचे?"

भिंतीच्या कोपऱ्यावर, माणसाच्या कोपराएवढ्या उंचीवर, एकतीस वर्षं एक निळी रेघ होती. वीतभर लांब आणि डाव्या टोकाला चोच. डोंगरावरच्या तीर्थाला पायी जाणाऱ्यांनी इथून डावीकडे वळायचं, एवढंच ती सांगायची. आता तिच्या जागी राखाडी रंगाचा एक चौकोन होता, आणि त्याच्या वर, मान मोडेल इतक्या उंचावर, चकचकीत लोखंडी पाटी. पाटीवर गादीत रुतून झोपलेली एक बाई, गादीच्या कंपनीचं नाव आणि बाण. बाण उजवीकडे.

"गादी!" पेंटरीणबाई म्हणाल्या. "चालायला निघालेल्या माणसाला पहिल्याच वळणावर गादी दाखवायची! आणि वाट डावीकडे असताना बाण उजवीकडे! अहो, बघताय ना?"

"बघतोय," पेंटर म्हणाले. "जाऊ दे गं."

हे 'जाऊ दे' पेंटरीणबाईंनी लग्नापासून ऐकलं होतं. दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा धंदा छापील फ्लेक्सनी बसवला, तेव्हा जाऊ दे. यात्रा मंडळाच्या पन्नासाव्या वर्षाच्या पुस्तकात सगळ्यांचे फोटो आले आणि पेंटरांचं साधं नावही आलं नाही, तेव्हाही जाऊ दे. आता या माणसाला चीड म्हणून येत नसेल तर बायकोने करायचं काय? तिने दोघांच्या वाटची चिडायचं. बाईंनी ते काम इमानेइतबारे केलं होतं. लाँड्रीत तीस वर्षं इस्त्रीवर उभ्या होत्या त्या; तापायची सवय होती आणि उभं राहायचीही.

पण आजची गोष्ट सोडून देण्यातली नव्हती. दर वर्षी यात्रेच्या आधी पेंटर डबा आणि ब्रश घेऊन घंटाघरापासून पहिल्या मुक्कामापर्यंत एकोणीस किलोमीटर जायचे, पुसट झालेल्या रेघा पुन्हा ठळक करायचे आणि शेवटच्या बसने घरी यायचे. मुक्कामाच्या फाटकापाशी एकतीस वेळा पोचले होते, पण यात्रेकरू म्हणून एकदाही नाही. हातात यात्रेची वही नाही, वहीवर शिक्का नाही. 'पुढच्या वर्षी' म्हणता म्हणता डावा डोळा गेला. उजव्याला नळकांड्यातून बघावं तेवढंच दिसायचं, आणि डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की पुढच्या वर्षी तेवढंही धरू नका. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना पेंटर म्हणाले होते, "एकदा चालतो. आपल्याच रेघांवरून, दिवसाउजेडी, यात्रेकरूसारखा. आणि तो शिक्का घेतो." एवढंच. लग्नापासून या माणसाने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट.

मुक्कामावरची नोंदवही संध्याकाळी सहाला बंद व्हायची. तोवर पोचायचं आणि पहिला शिक्का घ्यायचा. पहिला शिक्का नसेल तर पुढच्या मुक्कामांवर कुणी दारात उभं करत नाही.

"चल," पेंटर म्हणाले आणि सरळ डावीकडे वळले.

तीसेक पावलं गेल्यावर ते थांबले. रंगाऱ्याच्या बंद दुकानाच्या चौकटीजवळ वाकून त्यांनी नाक जवळजवळ भिंतीला लावलं. "आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की बाईंना क्षणभर आपण कशावर चिडलोय तेच आठवेना.

तिथे निळी रेघ होती. चोच नसलेली, नुसती आडवी, करंगळीएवढी.

ही पेंटरांची खास पद्धत. वळणाच्या आधी चोचीची रेघ आणि वळल्यावर तीस पावलांनी ही छोटी. ती वाट दाखवत नाही. वळून आलेल्या माणसाला 'चुकलो तर नाही ना' अशी शंका येते, त्याला ती सांगते की नाही, बरोबर आलास. पेंटर तिला दिलाशाची रेघ म्हणायचे. चालून दमलेला माणूस वर बघत नाही, म्हणून सगळ्या रेघा कोपराच्या उंचीवर. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी स्वतः तीनदा चुकले, त्यातून शिकले.

दुसरं वळण बेकरीच्या मागे. चोचीची रेघ गेलेली, राखाडी चौकोन. तीस पावलांवर दिलाशाची रेघ जागच्या जागी. तिसरं वळण एका इमारतीच्या बाहेरच्या जिन्याखाली. तिथेही तेच.

आता पेंटरीणबाई थबकल्या. जिन्याखालची ती रेघ अशा बेचक्यात होती की शोधूनही सापडली नसती. दर वर्षी चालणाऱ्यांनाच ती ठाऊक. मग पुसणाऱ्यांना कशी सापडली? आणि सापडली तर पुढची लहान रेघ कशी सोडली?

"अहो, यांना नेमकी जागा कळली कशी?"

पेंटर वाकून वहाणेचा पट्टा सारखा करू लागले. पट्टा चांगला होता.

"मी काय विचारतेय?"

"यादी दिली होती," ते हळूच म्हणाले.

"कुणी?"

"मी. मंडळाचे चिटणीस आले होते ना, थंडीत. म्हणाले, सगळी वळणं लिहून द्या, कुठे काय खूण आहे ते. मला वाटलं, माझे डोळे असे झाले, तर दुसऱ्या कुणाकडून तरी रंगवून घेणार असतील. दोन दिवस बसून लिहिली. अठ्ठावन्न वळणं. नकाशेसुद्धा काढून दिले."

"आणि दिलाशाच्या?"

"त्या काय लिहायच्या? वळण लिहिलं की पुढे ती आलीच. कुणालाही कळेल."

म्हणजे बघा! स्वतःच्या एकतीस वर्षांच्या कामावर बोळा फिरवायची यादी या देवमाणसाने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात, नकाशांसकट, चहा पाजून हातात दिली होती! आणि पुसायला आलेल्यांनी यादीबाहेर डोळा वर करून बघितलं नव्हतं, म्हणून लहान रेघा वाचल्या होत्या. पेंटरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिटणिसावर चिडावं की नवऱ्यावर हेच त्यांना कळेना, म्हणून त्या दोघांवरही चिडल्या.

"चहात साखर मी घातली होती त्याच्या! दोन चमचे! आणि तुम्ही त्याला विचारलंही नाही, कशाला हवी म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? मंडळाचाच माणूस."

"तुमच्या भोळेपणापुढे हात टेकले मी. चला आता, नाहीतर इथेच माझं डोकं फुटायचं."

गावाबाहेर पडायची वाट ती. काही सुंदर वगैरे नव्हती. ट्रक दुरुस्तीच्या गल्लीत जमीन ऑइलने काळी झालेली, मग गोदामांच्या लांबच लांब भिंती, मग रेल्वेखालचा बोगदा. बोगद्याच्या तोंडाशी दोन तरुण मुली पाठीवर पिशव्या घेऊन उभ्या होत्या आणि मोबाइल गोल गोल फिरवत होत्या. एक उंच, एक ठेंगणी. ठेंगणीच्या टाचेला एव्हानाच पट्टी. दोघी नर्स, एकाच वॉर्डातल्या, रजा जमवून आलेल्या.

"काकू, यात्रेचा रस्ता हाच का?" उंच नर्सने विचारलं. "आम्ही पाट्या बघत गेलो तर मॉलच्या पार्किंगमध्ये पोचलो. तळघरात! तिथे तीन फेऱ्या मारल्या."

"मॉलमध्ये?"

"हो ना. दुसऱ्या मजल्यावर म्हणे स्वागत केंद्र. तिथे वहीवर कोड चिकटवून देतात. पण ते अकराला उघडतं."

"पहाटे सहाला लोक निघतात आणि स्वागत अकराला!" पेंटरीणबाई कडाडल्या. "आणि तिथेच गाद्यांचं दुकान असेल."

"स्वागत केंद्राच्या शेजारीच आहे," ठेंगणी म्हणाली.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. वळसा पाच किलोमीटरचा, आणि कशासाठी, तर चालून अंग मोडलेल्या माणसाने गादीकडे बघून उसासा टाकावा म्हणून!

पेंटर मात्र पोरींना सांगत होते, "बोगद्यातून बाहेर पडलं की उजवीकडे वळायचं. मग तीस पावलं मोजा. पाण्याच्या व्हॉल्वच्या कट्ट्यावर बघा, निळी रेघ असेल."

पोरींनी पावलं मोजली. रेघ होती. ठेंगणी नर्स तिच्यासमोर उभी राहून एकदम म्हणाली, "हुश्श! काका, हे कुणी काढलंय हो? बरं वाटलं बघून."

पेंटरीणबाईंनी तोंड उघडलं, तर पेंटरांनी मान हलवून नको म्हटलं. बाईंनी ओठ आवळले, पण मनात सव्वाशे शब्द साठवून ठेवले.

मग चौघं मिळून चालले. कचऱ्याच्या डोंगराला वळसा घालताना नाकाला रुमाल लावले, कालव्याच्या कडेला बसून पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. वळण आलं की पेंटर तोंडाने सांगायचे आणि पोरी पुढे पळून लहान रेघ शोधायच्या. "आहे, काका!" अशी आरोळी आली की पेंटर जवळ जाऊन, वाकून, एका डोळ्याने नीट बघायचे. घाई नाही. एका पुलाच्या कठड्यावर तर ते इतका वेळ वाकून राहिले की बाईंना वाटलं, कंबर धरली.

"काय झालं?"

"काही नाही. या रेघेला हात चांगला बसलाय. बघून ठेवतो."

पेंटरीणबाईंना भडभडून आलं. पण रडण्यापेक्षा त्यांना चिडणं सोपं जायचं, म्हणून त्यांनी चिटणिसाच्या सात पिढ्या काढल्या आणि पाणी प्यायल्या.

पाच वाजून वीस मिनिटांनी ते मुक्कामाच्या फाटकातून आत शिरले. अंगणात टेबल, टेबलामागे कारकून, त्याच्यापुढे नोंदवही, शिक्का आणि मोबाइल. तीन गोष्टींपैकी तो मोबाइलकडे बघत होता. पेंटरांनी केस सारखे केले, वही दोन्ही हातांनी पुढे धरली. शाळेत बक्षीस घ्यायला उभं राहिलेलं पोर असतं ना, अगदी तसे दिसत होते ते.

कारकुनाने वही उघडली. "कोड कुठाय आजोबा?"

"कसला?"

"स्वागत केंद्राचा. कोड नसेल तर शिक्का नाही. तुम्ही मार्ग सोडून आलात."

झालं! पेंटरीणबाईंनी पदर खोचला. "काय म्हणालास? मार्ग सोडून? अरे, हा मार्ग यांनी आखलाय! तू पाळण्यात होतास तेव्हापासून यांनी एकेक रेघ मारली, दर वर्षी, पदरचा रंग घेऊन, आणि तू त्यांना सांगतोस मार्ग सोडून आलात? कोण सोडून गेलंय मार्ग? तुम्ही! मॉलच्या तळघरात घातलात तो तुम्ही!"

"काकू, मला नका सांगू. मला जेवढं सांगितलंय तेवढं मी करतो. नियम सगळ्यांना सारखा."

"सगळे इथे कसे पोचतात ते तरी विचारलंस कधी कुणाला?"

आवाज ऐकून आतल्या खोलीतून चिटणीस बाहेर आले. पांढरा सदरा, हातात रुमाल, चेहऱ्यावर सगळ्यांना पुरेल एवढं हसू. "अरे, आमचे पेंटर! या या! आधी कळवायचं नाही का? गाडी पाठवली असती."

चालत यात्रेला आलेल्या माणसाला हा म्हणतो, गाडी पाठवली असती!

"नियम आहे खरा," चिटणीस म्हणाले, "पण तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही जुने सेवक. तुमच्यासाठी खास म्हणून करू. असं करू या, त्या पाटीखाली उभे राहा, माझ्याबरोबर एक फोटो काढू. जुन्या खुणा आणि नव्या खुणा, दोघींची गळाभेट! कंपनीलाही आवडेल. लगेच शिक्का देतो."

अंगणातल्या पाटीवरची बाई गादीत निवांत झोपली होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते.

आणि गंमत बघा. सकाळपासून आग ओकणाऱ्या पेंटरीणबाई एकदम विझल्या. पुढच्या वर्षी या माणसाला शिक्काच काय, टेबलही दिसणार नव्हतं. त्या नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "अहो, काढा फोटो. काय बिघडतंय? एक मिनिट उभं राहायचं. शिक्का घ्या. मग मी बघते याच्याकडे."

पेंटरांनी मागे वळून बघितलं. फाटकाशी दोघी नर्स आपापल्या वह्या धरून उभ्या होत्या. ठेंगणीने टाच वर उचलली होती.

"या पोरींना?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं काय?"

"त्याही माझ्याबरोबर आल्या. माझ्याच रेघांवरून. त्यांना शिक्का?"

चिटणिसांचं हसू जरा बारीक झालं. "तसं केलं तर उद्या प्रत्येक जण म्हणेल. त्यांनी उद्या अकराला मॉलमध्ये जाऊन कोड घ्यावा, आणि मग परत चालत यावं. तुमचं आपण खास म्हणून करतोय ना!"

"काका, तुम्ही घ्या," उंच नर्स म्हणाली. "आमचं बघू आम्ही."

"घ्या हो," बाई म्हणाल्या. "हात जोडते."

पेंटरांनी टेबलावरची आपली वही उचलली, मिटली आणि खिशात घातली. मग ते बोलले. आवाज चढला नव्हता, पण बाईंनी तो तसा कधीच ऐकला नव्हता.

"साहेब, तुम्ही माझ्याकडून यादी नेलीत. कशाला ते सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. माझ्या हातची यादी घेऊन माझंच काम पुसलंत. तेही मी गिळलं असतं. पण या पोरी आज सकाळी तुमच्या पाटीवर विश्वास ठेवून तळघरात गोल फिरल्या. एकीच्या टाचेची सालटं निघाली. वाट दाखवतो म्हणायचं आणि माणसाला दुकानात नेऊन सोडायचं, याला आमच्या धंद्यात फसवणूक म्हणतात. तुमचा शिक्का असल्या वाटेचा आहे. मला नको तो."

"पेंटर, तुम्ही उगाच मनाला लावून..."

"लावून घेतलंय," पेंटर म्हणाले. "राग यायला उशीरच झाला मला, पण आलाय."

आणि ते फाटकाबाहेर पडले. पाठोपाठ दोघी नर्स. पाठोपाठ पेंटरीणबाई, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"एकतीस वर्षं! एकतीस वर्षं जे समोर आलं ते गिळलंत, आणि ताठ व्हायला आजचा दिवस सापडला तुम्हाला? आज? तो शिक्का तुम्हाला हवा होता ना? मी रात्री जागून तुमच्या पायांना तेल लावलं ते कशासाठी? पुढच्या वर्षी काय करायचं, सांगा मला! पुढच्या वर्षी काय दिसणार आहे तुम्हाला?" आणि एवढं बोलून त्या भर रस्त्यात, बसथांब्याच्या बाकावर बसून, ओठ चावत रडल्या.

पेंटर शेजारी बसले. समजूत काढायला ते 'जाऊ दे' म्हणतील असं बाईंना वाटलं. ते म्हणाले नाहीत.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी," ते म्हणाले. "उद्या दिसतंय. परवाही दिसेल. उद्या उलट्या दिशेने घराकडे चालत जाऊ. अठ्ठावन्न वळणं आहेत. एका दिवसात नाही होणार, दोन लागतील."

"ते पुन्हा पुसतील."

"पुसू देत. आणि पुसून त्यांनी माझं काम सोपंच केलंय. भिंत घासा, अस्तर मारा, वाळू द्या, यातच निम्मा वेळ जायचा माझा. यांनी अठ्ठावन्न ठिकाणी फुकटात राखाडी अस्तर मारून ठेवलंय. त्याच्यावर पांढरा असा उठून दिसेल, की आंधळ्याला..." ते थांबले. मग स्वतःच हसले. "म्हणजे, मलाही दिसेल."

ठेंगणी नर्स फिस्सकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला. उंच नर्सने खांद्यावरची पिशवी सारखी केली. "आम्ही पुढे जातो, काका. शिक्क्याशिवाय. डोंगर काही कोड मागणार नाही."

पेंटरीणबाईंनी नाक पुसलं. राग गेला नव्हता, उलट आता त्याला हातपाय फुटले होते. रस्त्यापलीकडे हार्डवेअरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. त्या ताडकन उठल्या आणि रस्ता ओलांडून शटरखाली वाकून ओरडल्या, "अहो, थांबा! गिऱ्हाईक आहे."

दुकानदार वैतागून वाकला. "काय हवंय?"

"पांढरा ऑइलपेंट. दोन मोठे डबे. आणि ब्रश, दीड इंची. दोन."

दुकानदाराने रस्त्यापलीकडे बाकावर बसलेल्या पेंटरांकडे बघितलं. चष्मा, काठी, मान पुढे काढून बघण्याची ती तऱ्हा. दर वर्षी रेघा मारत इथवर येणारे पेंटर त्याने ओळखले. "रंगवणारे ते एकटेच ना? एक ब्रश पुरेल की, बाई."

एकतीस वर्षं कपड्यांवरच्या रंगाच्या डागांवरून नवऱ्याशी भांडलेल्या आणि ब्रशला कधी बोट न लावलेल्या पेंटरीणबाई शटरच्या आत दोन पावलं शिरल्या.

"दोन म्हटलं ना! त्यांना दिसतंय तोवर मला शिकून घ्यायचंय."